थोरल्याचं लग्न

अंबड,
११ डिसेंबर २००५

चि. कौसल्या हिस,

अप्पाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत, जेवणखाण, बी.एड.चे पाठ सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण फोनवर विचारलं की तू "हो" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून कागद. कागद खाली ठेवला तरी त्यातला मजकूर बोलायचा थांबत नाही.

सभेत मी आधी समोर कोण बसलंय ते बघतो आणि त्यांच्या दुखण्यावर बोट ठेवतो. आज समोर तू एकटीच आहेस, तर ऐक. या घरात तू आणि मी असे दोघेच आहोत, ज्यांना कायम दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं. पहिला घास वसंताचा. पाडव्याचा पहिला कपडा वसंताचा. दहावीला तू तालुक्यात पहिली आलीस, तर पेढा आधी देवघरात गेला आणि मग तुझ्या हातावर आला. जो पोरगा पाचव्या महिन्यात तापानं गेला, ज्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, त्याच्या मागं तू जन्मल्यापासून रांगेत उभी आहेस. हा अन्याय आहे. मी माईकवर म्हणेन, आणि घरातही म्हणतो.

घरात मात्र मी हळू म्हणतो, हा तुझा आरोप. "अप्पा, तुम्ही व्यासपीठावर वाघ आणि देवघरात मांजर." भाऊबीजेला तू असं म्हणालीस तेव्हा शेजारच्या केशरबाई ओट्यावरून हसल्या होत्या. त्यांनी ते वाक्य गल्लीभर केलंय. परवा किराणा दुकानात एक जण मला म्हणाला, "या वाघोबा." असो.

परवा धर्मराज बदनापूरहून येऊन गेला. तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन आला होता. पोरगा मला पसंत आहे. कमी बोलतो, आणि मी बोलतो ते शेवटपर्यंत ऐकतो. जानेवारीत नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं तुमचं ठरलंय, त्याला मी साक्षीदार म्हणून सही करणार, हे मी त्याला पुन्हा सांगितलं. तुझ्या आईनं त्याला चहा दिला, शेंगा सोलत समोर बसली आणि विचारलं,

"तुमच्याकडं थोरल्याच्या आधी धाकट्याचं करत्यात का हो?"

तो म्हणाला, "मीच थोरला हाय, मामी."

"मंग तुमचा रस्ता मोकळा हाय. आमचा थोरला बसून हाय ना घरात."

धर्मराजनं माझ्याकडं बघितलं. मी शेंगांकडं बघितलं. आईनं त्याला निघताना शर्टाचं कापड दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि उंबऱ्यात सांगितलं की जानेवारीत तिला येता येणार नाही. रागानं नाही, कौसल्या. दारी मांडव असताना दुसऱ्याच्या मांडवाला जाता येत नाही, तसं.

तर मुद्दा हा आहे. आई नसताना तुझं लग्न होणार की असताना, एवढाच. बाकीचं सगळं तुझ्या-माझ्या भांडणाचं साहित्य आहे.

तू टाक घेऊन गेलीस त्या दिवसाबद्दल मी आजवर काही बोललो नाही. आता लिहितो. आपल्या देवघरात पणजोबांचा टाक आहे, आजीचा आहे. अंगठ्याएवढी चांदीची पानं, वर ठोकून काढलेली माणसं, पुजून पुजून नाकडोळे गेलेले. शंभर घरांत असे टाक असतील. मेलेलं माणूस वाढत नाही, म्हणून त्याचा टाकही वाढत नाही. आपलंच घर असं, की जिथं एक टाक वाढत गेला, वसंताचा.

भाऊबीजेला आईनं तो पाटावर ठेवला. तू ओवाळलंस, नेहमीप्रमाणे, तोंड वाकडं करून. मग आईनं विषय काढला. वसंता चोवीस वर्षांचा झाला. बिनलग्नाचा गेलेल्या पोराचं रुईच्या झाडाशी लग्न लावून देतात, तसं लावून द्यायचं, मग तुझं. मी म्हणालो, मी गावोगाव अंधश्रद्धेवर बोलतो आणि माझ्या दारात रुईला मुंडावळ्या बांधू? तू म्हणालीस, अप्पा बराबर बोलतायत. आणि पाटावरचा टाक उचललास, बॅगेत कोंबलास. "मी नेते याला औरंगाबादला. तिथं याला कुणी ओळखत न्हाई. बघू किती वाढतो."

मला वाटलं आता आई किंचाळेल. ती आत गेली. तू स्टँडवर पोचलीस, गाडीत बसलीस, तेव्हा ती धावत आली. मी मागून. तिच्या हातात तिनं विणलेला चॉकलेटी स्वेटर होता, वसंताच्या मापाचा. तिनं तो खिडकीतून आत दिला. "तिकडं थंडी लई पडती. त्याला घालायला सांग. तुझं ऐकतो त्यो."

तू तो घेतलास. का घेतलास, हे मी विचारणार नाही.

तुला वाटलं असेल, घर मोकळं झालं. ऐक, काय झालं ते. आई एका माणसाचा स्वयंपाक कमी करते. देवघरातली ती जागा पुसून रिकामी ठेवलीय. रडत नाही. शेजारणींना सांगते, "बहिणीकडं गेलाय. जरा जग बघंल." आणि दुपारी, शाळेतून मी जेवायला येतो तेव्हा, घर इतकं रिकामं असतं की मी दार उघडताना खाकरतो. कुणाला चाहूल द्यायला, ते मला माहीत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुला आठवत असेल तर माफ कर. पहिला टाक मांडीवरच्या बाळाचा होता. पुंजाराम सोनारानं बाळकृष्णाचा साचा होता तोच वापरला होता. कितीतरी वर्षं तो तसाच होता, आणि तसाच राहिला असता. तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळताना तू थांबलीस. तबक हातात. म्हणालीस, "आई, दादा थोरला हाय ना? मंग माझ्यापेक्षा बारका कसा?"

आईनं टाकाकडं बघितलं. मी हसलो. काय तर्कशुद्ध पोरगी आहे माझी, असं मी त्या आठवड्यात तीन भाषणांत सांगितलं. आणि आईनं पायातली जोडवी मोडली, चांदी वाढवली, पुंजारामाकडून उभा मुलगा करून आणला. चेहऱ्यामोहऱ्यानं तुझ्यापेक्षा थोरला वाटेल असा.

तिथून तो वाढायला लागला. जुना टाक वितळवायचा, त्यात नवी चांदी घालायची, पुन्हा ठोकायचा. पुंजाराम म्हणायचा, "जुनं कुठं जात न्हाई, त्यातच राहतं." दरवर्षी पाडव्याला वसंताच्या मापाचा शर्ट शिवला जायचा, आणि वर्ष सरलं की तो कुणातरी गरजू पोराला दिला जायचा. तू याला नाटक म्हणायचीस. पण तू कधी या गावात माझ्यासारखी पायी हिंडली नाहीस. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, मी तहसीलच्या रस्त्यानं येत होतो. पुढं एक लहानगा चालला होता, वसंताचा पहिलीतला निळा शर्ट घालून. वळणावर सायकलवर एक पोरगं गेलं, वसंताचा पट्ट्यापट्ट्यांचा. पाणपोईपाशी एक उभा होता, पाठमोरा, सातवीतल्या शर्टात. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. माझा मुलगा माझ्या आजूबाजूला सगळ्या वयांचा एकाच वेळी हिंडत होता, आणि कुणीच वळून बघत नव्हतं.

मी घरी आलो, पाणी प्यायलो, आणि त्या रात्रीच्या व्याख्यानाची टिपणं काढली. विषय होता, भास आणि वास्तव.

पुढचं उद्या. हात दुखतोय.

१३ डिसेंबर

उद्याचं परवा झालं. पत्र टेबलावर उघडं होतं. आईनं ते वाचलं असेल, वाचू दे.

मागच्या महिन्यात आष्टीला बाजाराच्या दिवशी सभा होती. तुला आष्टीचा बाजार माहीत आहे, बैलांचा गोंगाट, भज्यांचा धूर, आणि त्यात बोलायचं. मी बोललो. भोंदूगिरीवर, पोरीबाळींना देवाच्या नावानं नाडणाऱ्यांवर. लोक हसत होते, टाळ्या देत होते. आणि मी मध्येच थांबलो. वाक्य अर्धं. संयोजकाला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाणी दिलं.

चक्कर नव्हती. मी गर्दीच्या शेवटी बघितलं आणि तिथं कुणी नव्हतं.

तुला हे नीट सांगायला हवं. कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक सभेत गर्दीच्या पार शेवटी एक पोरगा उभा असायचा. आधी पोरगा, मग तरुण. झाडाला नाहीतर खांबाला टेकून, एक खांदा उतरता टाकून. टाळ्या वाजवायचा नाही. परतूरला होता, जालन्यात होता, घनसावंगीत होता. मी स्वतःला सांगायचो, अशा प्रत्येक सभेत शेवटी एक पोरगा उभा असतोच, आणि हे खरंही आहे. पण मी त्याच्याकडं बघून बोलायचो. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की माझं भाषण झालं, असं माझं माप होतं. आष्टीला ते माप नव्हतं. टाक तुझ्याकडं गेल्यानंतरची ती पहिलीच सभा.

त्याच आठवड्यात मी औरंगाबादला आलो होतो. तुला आधी कळवलं नव्हतं, डबा मिळाल्यावर कळलं असेल. आईनं दिलेले लाडू द्यायला तुझ्या हॉस्टेलवर आलो, तू पाठ घ्यायला शाळेत गेली होतीस. गेटवर तो म्हातारा वॉचमन होता, एका डोळ्यात फूल पडलेला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला,

"आत्ता तिचा भाऊ बी आल्ता की."

मी म्हणालो, "तिला भाऊ नाही."

"काय थट्टा करून राह्यले, काका. निस्ता तुमचा साचा. दोन-तीनदा आल्ता. पोरांना आत सोडत न्हाई आम्ही, नियम हाय. मी म्हणलं, चिठ्ठी दे. तर न्हाई म्हणला. निस्ता उभा राहतो, असा, एक खांदा टाकून." त्यानं मला करून दाखवलं. "चॉकलेटी स्वेटर घालतो. एवढ्या उन्हात बी."

माझ्याकडं स्पष्टीकरण आहे. माझ्याकडं नेहमीच असतं. तो धर्मराज असेल. पण धर्मराज काठीसारखा ताठ उभा राहतो. तर मग तू तो स्वेटर कुणा गरीब पोराला देऊन टाकला असशील, आणि ते पोरगं उपकार मानायला येत असेल. हे पटण्यासारखं आहे. मी लाडूचा डबा वॉचमनच्या हातात दिला आणि निघालो. कोपऱ्यापर्यंत मागं वळून बघितलं नाही. मी, त्रिंबक मास्तर, ज्यानं पैज लावून मसणवट्यात जेवण केलंय, त्यानं भर सकाळी औरंगाबादच्या रस्त्यावर मान वळवली नाही. आणि मी घाबरलो म्हणून नाही. तो तिथं उभा असता, तर मला त्याच्याकडं जावं लागलं असतं.

तो स्वेटर तुझ्या कपाटात आहे का? मला उत्तर नको. तू उठून बघितलंस तरी पुरे.

घरी येऊन मी आईला सांगितलं. सगळं नाही, एवढंच की वॉचमनला भास झाला. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत सोडलं न्हाई का त्याला?"

"गोपिका, तिथं कुणी नव्हतं."

"आता त्यो कुठं बसंल? बहिणीच्या दारात उभा, बापाच्या सभेत उभा. बसायला त्याला कुठं हाय? एवढा मोठा झाला, घर न्हाई दार न्हाई."

सभेतलं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तरी मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. रूढी, मनाचे खेळ, शिकलेल्या माणसाची जबाबदारी. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी काय त्याला बांधून ठिवाया सांगून राह्यली का? रुईसंगं अक्षता टाका. मंग दोघं जाऊन शहागडला गोदामाईत सोडून येऊ. लगीन झालं की ज्याचं त्याचं घर. मी तर त्याला काढून द्यायलाच बसली हाय. तुम्हीच जाऊ देत न्हाई."

"मी?"

"तुम्हाला रुईचं वावडं न्हाई, मास्तर. तुम्हाला त्यो जायला नको."

कौसल्या, मी हजारो माणसांपुढं उभा राहिलोय. विरोधकांनी चपला फेकल्या तेव्हाही माझं उत्तर तयार होतं. तांदळाच्या त्या सुपापुढं मी खाली बसलो आणि खडे वेचायला लागलो.

तिचं खरं होतं. गेल्या वर्षीचा टाक करायला आई नाही, मी गेलो होतो. हे तुला माहीत नाही. तिचे गुडघे दुखत होते. मी म्हणालो, टाकून येतो सोनाराकडं, त्यात काय. पुंजाराम आता थकलाय, चष्म्यावर भिंग लावून काम करतो. त्यानं जुना टाक मुशीत टाकला. पोरगा बघता बघता आकार सोडून पाण्यासारखा झाला, आणि मी दुसरीकडं बघितलं. मग त्यानं विचारलं, "गुरुजी, या मापाचा साचा माझ्याकडं न्हाई. हातानंच काढावा लागंल. उंची किती धरू?"

मी म्हणालो, "माझ्या कानाला लागतो."

विचार केला नाही. आठवावं लागलं नाही. पुंजारामनं मान डोलावली, जसं एखादा बाप शर्टाचं माप सांगतो आणि शिंपी मान डोलावतो. "मिशी काढू?" "नुकतीच फुटलीय, दाट नको." "उभा कसा राहतो?" आणि मी उठलो, कौसल्या, त्या दुकानात, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, आणि उभा राहून दाखवलं. एक खांदा उतरता टाकून.

तू जो टाक नेलास, तो माझ्या तोंडच्या मापाचा आहे. आईनं त्याला सांभाळलं. वाढवला मी. भर दुपारी बंद खोलीत मी भाषणांचा सराव करायचो ना, आणि तू खिडकीतून म्हणायचीस, "अप्पा, भिंतीला शिकवताय का?" भिंतीला नव्हतो शिकवत. मला वाटायचं, माझं सगळं वाचलेलं, सगळं बोललेलं कुणीतरी घेऊन मोठा होतोय. माझ्यासमोर तू मोठी होत होतीस, माझे शब्द उचलत होतीस, मलाच उलट फेकून मारत होतीस, आणि मी तुझ्या डोक्यावरून गर्दीच्या शेवटाकडं बघत होतो.

मी माझं एकही वाक्य मागं घेत नाही. भुतं नाहीत. मेलेलं परत येत नाही. उद्या मला कुणी मंठ्याला बोलावलं तर मी हेच बोलेन, दुप्पट आवाजात बोलेन. पण वाढलेलं पोर दारात उभं ठेवणं, त्याला ना आत घेणं ना वाटेला लावणं, याला विवेक म्हणत नाहीत. जगात जे आई-बाप पोरांना मोठं करतात ते त्यांना एक दिवस निरोप देतात. या घरात त्या एका कामाला आईची तयारी होती. अडून बसलो तो मी, आणि माझ्या बाजूनं तू. आपण दोघं चूक बाजूला उभे होतो, एवढंच या पत्रात मला कबूल करायचं होतं.

केशरबाईंच्या परसात रुई आहे. आईनं काल तिला पाणी घातलं, हळद लावली. मी बघत होतो. तीच म्हणाली, "सून कशी वाटली?" आणि पदरात तोंड घालून हसली. तुझ्या लग्नाला काठाची साडी नेसायची की साधी, हेही तिनं मला विचारलं. धर्मराजला तसं कळव.

अंतरपाट मी धरणार आहे. मंगलाष्टकं मीच म्हणेन, भटजी नको. आवाज फुटला तर फुटला. करवली मात्र लागते, आणि ती दुसरी कुणी होऊ शकत नाही.

येत्या रविवारी, अठरा तारखेला, वसंताला घेऊन घरी ये. बॅगेत कपड्यांखाली कोंबू नकोस. हातात धर, आणि खिडकीकडं बसव. शेवटचा प्रवास आहे त्याचा तुझ्याबरोबर, त्याला दिसू दे.

तुझा आणि त्याचा,
अप्पा